दवबिंदूवरची गळती

अख्खा हिवाळा डास मटकावणारं रोप होळीनंतर एकदम काळं का पडावं? सांगा बघू! मला तर रडूच आलं. कारण ते साधंसुधं रोप नव्हतं. माझी वैजूमावशी चंद्रावरच्या वसाहतीत बाग फुलवते. तिथली ह्याच जातीची, म्हणजे दवबिंदूची, सगळी रोपं मेली होती. उरलेलं हे एकच, आमच्या साताऱ्याच्या गच्चीत, माझ्या भरवशावर. पुढच्या यानातून ते तिच्याकडे जायचं होतं.

काय रुबाब होता त्याचा थंडीत! पानांवरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब चमकायचे. मध समजून डास बसला, की चिकटलाच. मग केस हळूहळू त्याच्यावर वाकायचे आणि पाचकरस (अन्न विरघळवणारा द्रव) त्याचा फडशा पाडायचा. त्याच्या मातीत कस नसतो ना, म्हणून हा उद्योग.

"तहानलंय बिचारं," मी म्हटलं. उन्हाळ्यात आई तुळशीवर गळती लावते (तळाला भोक असलेलं, थेंब थेंब झिरपणारं मडकं), तशीच मी दवबिंदूवर लावली. आमचा यंत्रमानव ठोकळ्या कुंडीत बोट खुपसून म्हणाला, "माती ओली, तरी रोप काळं. काहीतरी चुकतंय, अनया. मावशींना विचार."

मावशी पडद्यावर आली. मी सगळं सांगितलं. चंद्रावरून उत्तर यायला जरा वेळ लागतो. तेवढा वेळ जीव नुसता टांगणीला!

"अगं वेडाबाई, मडकं काढ आधी!" मावशी ओरडली. "त्याच्या परदेशातल्या मूळ गावी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणून ते थंडीत जागतं, आणि उन्हाळ्यात पानं टाकून मातीखालच्या कंदात (अन्न साठवणारी गाठ) झोपतं. ह्या झोपेला म्हणतात सुप्तावस्था. झोपेत पाणी पाजलंस तर कंद कुजेल ना!"

"मग मेलं का गं ते?"

"उकरून बघ. कंद मऊ लागला तर संपलं."

मी कुंडी घट्ट धरली. ठोकळ्याने हळूच माती बाजूला केली. वाटाण्याएवढा लालसर कंद! मी दाबून पाहिला. टणक! अगदी टणक! "मावशीऽऽ, जिवंत आहे!" मी गच्चीभर नाचले. ठोकळ्याही गोल गोल फिरला.

"मग आता पाठवणं आणखी सोपं," मावशी हसली. "पाणी नको, ऊन नको, झोपेतच प्रवास करेल. इथे गारवा आणि पाणी दिलं की उठेल. अशी झोपणारी रोपं उद्या मंगळावरही नेऊ आपण."

"पण तिथे डास कुठले?"

"तो खाऊ तूच पाठव, वाळवून!"

मी कंद कोरड्या वाळूत ठेवून डबी बंद केली. आई म्हणाली, "एवढा लांबचा प्रवास, सुकेल गं. दोन थेंब तरी शिंपड." मी डबी छातीशी धरली आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'पाणी घालू नका. झोपलंय.'