पाट्यांच्या ढिगातला साधा तुकडा

राजदीपची पहिली गाडी मी परत पाठवली होती, तीही भर पावसात. त्यामुळे आमचं जे काही झालं ते पहिल्या नजरेतलं वगैरे नाही, हे आधीच सांगते.

चंद्रपुरातल्या एका पोलाद कारखान्याच्या फाटकाशी माझी शेड. भंगाराची गाडी आली की तुकडा घासायचा आणि त्याला तपासणीची बंदूक टेकवायची. त्यात कोणता धातू किती, ते पडद्यावर दिसतं. ट्रकच्या काही जुन्या कमानपाट्यांत व्हॅनेडियम नावाचा धातू असतो. तो माल आम्हाला वेगळा हवा होता. आरमोरीहून आलेल्या त्या ‘छोटा हत्ती’ टेम्पोत मात्र पाटे, खिडकीचे गज, मोडकी सायकल, सगळी खिचडी होती.

"लोखंड त लोखंडच असते न, मॅडम," राजदीप म्हणाला. केसांतून पाणी निथळत होतं आणि तरी तो हसत होता, याचाच मला राग आला.

"भाजीत मीठ किती टाकता?"

"चिमूटभर."

"व्हॅनेडियमबी तेवढंच लागते. तेवढ्यानं सळई मजबूत होते, मंग पुलाले लोखंड कमी लागते. तुमच्या गजांसंग वितळवलं का मीठ गेलं तलावात. मंग नव्या व्हॅनेडियमसाठी पुन्हा जमीन खोदा."

"मीठ पटलं," तो म्हणाला, आणि त्यानं गाडी वळवली.

पुढच्या खेपेला माल निवडून आला. फक्त एक पट्टी साध्या लोखंडाची. मी ती परत दिली, त्यानं टपरीवरून चहा आणला. त्यापुढच्या खेपेला पुन्हा एक साधी पट्टी! उलटवून पाहिलं — मागच्या वेळी मी घासल्याचा चकचकीत गोल डाग तिच्यावर तसाच होता.

"हे काऊन येते दर बारीले?"

"चुकून येते, मॅडम. माणूस हाय…"

पट्टी परत दिली, की चहा यायचा. खरं म्हणजे मीही त्या चुकीची वाट पाहायला लागले होते.

मग एका सकाळी मोठे साहेब शेडमध्ये येऊन उभे राहिले. म्हणाले, आजपासून ज्याच्या गाडीत भेसळ निघेल, त्याचा पुरवठा वर्षभर बंद. राजदीपला फोन करावा म्हणून मी वळले, तर त्याची गाडी फाटकात! ती पट्टी अगदी वरच होती.

"सगळा माल ठीक?" साहेबांनी विचारलं.

बंदूक दुसऱ्या पाट्यावर टेकवली असती, तरी कुणाला कळलं नसतं. राजदीप माझ्याकडेच पाहत होता.

"नाही सर. एक तुकडा साधा आहे."

गाडी गेली. पट्टी शेडमध्येच राहिली. त्यानंतर तो आला नाही, फोनही नाही. त्याच्या खोडीचा राग येत होता आणि त्याची आठवणही येत होती. एकदा तर घासणयंत्र चालू ठेवून रडून घेतलं.

शेवटी रविवारी एसटीनं आरमोरी गाठलं. भंगाराच्या दुकानात त्याचे वडील लहानूभाऊ बसले होते.

"कोन पाह्यजे, बाई?"

तेवढ्यात राजदीप आतून आला आणि दारातच थांबला. मी पिशवीतून पट्टी काढून समोर ठेवली.

"तुमचा माल आमच्याकडं राह्यला होता."

"याच्यासाठी एवढ्या दूर?" राजदीपनं विचारलं.

"चुकून आली. माणूस हाय…"

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "मी तुह्यावर रागावलो नाई, नूतन. माह्यीच लाज वाटत होती. तू त्या दिवशी खोटं बोलली असती त… मंग तुह्यं कोनतं बोलनं खरं मानू, असं झालं असतं. पुढच्या साली पुरवठ्यासाठी पुन्हा अर्ज करतो. पट्टीबिगर."

"मंग हेही खरं मान," मी म्हणाले. "मले तू आवडतोस."

राजदीपचे कान लाल झाले.

लहानूभाऊंनी दोघांकडे पाहिलं, पट्टी उचलली आणि साध्या लोखंडाच्या ढिगात टाकायला हात मागे नेला.

"ते नका टाकू," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.