एक्केचाळिसाव्या खुणेची काच

रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. एक वाजता बोगदा वाहनांसाठी बंद व्हायचा होता आणि त्यानंतर दोघा तरुण अभियंत्यांना तपासणीसाठी आत जायचे होते. फाटकालगतच्या चौकीत वृद्ध मुकादम टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते.

"तो तडा कालच बघितलाय, काका," थोरल्या अभियंत्याने नोंदवही पुढे ओढली. "'पूर्ववत' लिहून टाकतो. एका रात्रीत काय डोंगर हलणार आहे?"

"लिहा की. वही तुमची, हात तुमचा," मुकादम म्हणाले. "पण एक वाजायला अवकाश आहे, तोवर ऐका. माझ्या ओळखीतल्या माणसाची हकिकत आहे. ऐकीव असती तर सांगितली नसती."

तो माणूस दुसऱ्या एका बोगद्यावर निरीक्षक होता. काम शिकला तो एका वस्तादांच्या हाताखाली. वस्ताद काँक्रीटच्या अस्तरावर हातोडीचे तीन ठोके मारीत, थांबत आणि भिंतीला कान लावीत. आवाज खणखणीत आला तर अस्तर धड. भद्द आला तर मागे पोकळी. "भिंतीला कान असतात म्हणतात," ते शिष्याला सांगत, "अरे, तिला तोंडही असतं. कान आपल्याला हवेत." त्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती.

त्या बोगद्यात दर दहा मीटरवर आकडा रंगवलेला असे. एक्केचाळिसाव्या खुणेपाशी एक जुना तडा माथ्याकडे गेला होता. वस्तादांनी त्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी चिकटवली होती. तीवर त्यांच्या हातची तारीख होती, वेळ होती आणि त्यांच्या सवयीप्रमाणे खाली दोन रेघा. काच ताणली जात नाही. तडा केसभर सरकला तरी ती तुटते. आणि ती तुटली की फाटक पाडून बोगदा बंद करायचा आणि वरिष्ठांना कळवायचे, असा दंडक होता.

सतरा नोव्हेंबर नुकताच लागला होता. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी निरीक्षकाने त्या पट्टीवर उजेड धरला. पट्टी मधोमध तुटलेली होती.

त्याची लेक डोंगरापलीकडे सासरी होती, दिवस भरलेले, अवघडलेली. सकाळी सातला अलीकडच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली होती. "बाबा, पाचला निघतो," जावयाने संध्याकाळीच कळवले होते. "डॉक्टर म्हणाल्या, हिला हादरे बसता कामा नयेत." बोगद्यातून ती वाट पाऊण तासाची होती. बोगदा बंद झाला तर घाटाने पाच तास, आणि घाटात रस्त्यापेक्षा खड्डेच अधिक.

एकच रात्र, त्याने स्वतःला समजावले. लेक पार झाली की मीच फाटक पाडीन.

त्याने तुटकी पट्टी खरवडून खिशात घातली. जवळची नवी पट्टी चिकटवली. वस्तादांनी लिहिलेली जुनीच तारीख आणि जुनीच वेळ तीवर उतरवली. रेघा मात्र ओढल्या नाहीत. तेवढे धाडस त्याला झाले नाही.

तो परत फिरला. चाळीस. एकोणचाळीस. अडतीस.

ठक. ठक. ठक.

मागे. दूरवर.

तो थबकला. आवाजही थांबला. कोणीतरी भिंतीला कान लावावा, तेवढाच वेळ थांबला...

त्याने पाऊल उचलले. ठक. ठक. ठक. आता जवळ. हात घाईचा नव्हता. तो हात त्याच्या ओळखीचा होता.

"वस्ताद..."



मग पुन्हा तीन ठोके. या खेपेस खणखणीत नव्हते. भद्द. भद्द. भद्द. ते एक्केचाळिसाव्या खुणेवरूनच येत होते, हे त्याला न बघता कळले.

वळून बघायचे होते. त्याने बघितले नाही. मान ताठ ठेवून तो चालत राहिला... फाटकापर्यंत.

तपासणीची वेळ संपल्यावर, नेहमीप्रमाणे चार वाजता, त्याने फाटक उघडले. साडेपाचला जावयाची गाडी सुखरूप बाहेर आली. लेकीने काचेआडून हात हलवला. त्याने वरिष्ठांना कळवण्यासाठी फोन काढला. पण पट्टी आपणच बदलली, हेही सांगावे लागले असते. नातवंडाचे तोंड बघतो, मग सांगतो, असे म्हणून तो त्याच गाडीत बसला.

सात वाजून चाळीस मिनिटांनी परिचारिकेने त्याच्या हातांत नातू दिला. त्याच क्षणी एक्केचाळिसाव्या खुणेपाशी अस्तर कोसळले. खाली दुधाची गाडी होती. तिचा चालक चौकीवरून जाताना रोज दोनदा भोंगा वाजवून निरीक्षकाला नमस्कार घालायचा.

"मग?" धाकट्या अभियंत्याने विचारले.

"मग काय. दिवसभर हातांनी ढिगारा उपसत होता. संध्याकाळी सगळं लिहून दिलं, काही लपवलं नाही. नोकरी गेली, शिक्षाही झाली. तुरुंगात जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात आला. ढिगाऱ्यात सापडलेली वस्तू माझ्या हातात ठेवली. म्हणाला, 'मुकादम, ही तुमच्याकडे असू द्या. माझ्या घरात आता लहान मूल आहे.'"

मुकादमांनी खणातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उघड्या नोंदवहीवर सोडली.

थोरल्या अभियंत्याने दिवा जवळ ओढला. काचेची अरुंद पट्टी होती ती, बोटभर लांब. चौदा टन काँक्रीट अंगावर घेऊनही तिला साधा चरा नव्हता.

"त्यानं जुनी तारीख लिहिली होती, म्हणालात ना?"

"हो. मार्चातली."

थोरल्याने लेखणीला टोपण लावले. धाकट्याने हातोडी उचलली.

काचेवर स्वच्छ, वळणदार अक्षरांत लिहिले होते : सतरा नोव्हेंबर, ७-४०.

खाली दोन रेघा होत्या.