चंद्रावरचे मुके टाळ

बाळांनो, टाळ एकमेकांवर आदळताना दिसावेत आणि कानाला मात्र काहीच कळू नये, असं कधी झालंय?

चंद्रावरच्या सोमवाडीत झालं. यंदा हरिनाम सप्ताहाची सांगता उघड्या अंगणात, पृथ्वीमाईच्या समोर करू, असं वाडीकरांनी हौसेनं ठरवलं. अंदाज घ्यायला शाळेचे यंत्रमानव, बोधेमास्तर, टाळ घेऊन वाडीवरच्या हवाबंद घुमटाबाहेर गेले. पहिली ते आठवीची पोरं खिडकीला चिकटली. मास्तर जीव तोडून वाजवत होते, पण आवाज शून्य!

"टाळ बिघडले गं, ताई!" पहिलीतला कुशाबा रडकुंडीला आला.

सातवीतली मंदाकिनी पुढे झाली. शाळेचा दंडकच होता, शिकलेला धडा पहिलीला पटला तरच तो आला म्हणायचं. आज ध्वनीचा धडा पटवता आला नाही, तर उद्याची तिची घुमटाबाहेरची पहिली चांद्रफेरी हुकणार.

"ध्वनीला माध्यम (ज्यातून तो पुढे सरकतो तो पदार्थ) लागतं," ती घडाघडा म्हणाली. "निर्वातात (हवा नसलेल्या जागेत)..."

"काय बडबडतेस?" कुशाबा म्हणाला.

चौथीतली रखमा फिस्कन हसली. "ताईचं कीर्तन फक्त आठवीसाठी!"

मंदाकिनी वरमली. मग तिनं कुशाबाचा हात आपल्या गळ्यावर ठेवला आणि 'विठ्ठल' म्हटलं.

"थरथरतंय!"

"ते कंपन. तोच आवाज."

तिनं चौथीची पोरं खांद्याला खांदा लावून उभी केली, शेवटी कुशाबा. रांगेतल्या पहिल्या पोराला हलकेच ढकललं. धक्का सरकत सरकत कुशाबापर्यंत पोचला. "हवेचे कण असेच थरथर पुढे देतात." मग मधली पोरं बाजूला केली. आता कितीही ढकललं तरी कुशाबा जागचा हलेना. "बाहेर हवाच नाही रे. टाळ गातायत, पण निरोप आणायला कुणी नाही."

"खोटं! बिघडलेच आहेत."

मंदाकिनीनं मास्तरांना खूण केली. त्यांनी वाजता टाळ खिडकीच्या लोखंडी चौकटीला टेकवला.

"लाव कान."

कुशाबाचे डोळे विस्फारले. "भिंत गातेय!"

मग एकेक करत सगळ्यांनी कान लावले. कीर्तन रंगल्यावर सभा डोलते तशी शाळा डोलू लागली.

कुशाबानं वर पाहिलं. "पण ताई, मधे हवा नाही, तर पृथ्वीचा उजेड कसा आला?"

मंदाकिनी मागे वळली. मास्तर आत येऊन उभे होते.

"प्रकाशाला माध्यम लागत नाही," ते म्हणाले. "का, ते आठवीत सुरू होतं. संपतं कुठे, मलाही ठाऊक नाही. मंदा, उद्या फेरीला चल. हा प्रश्न सोबत घे."

पोरांच्या चेहऱ्यांवर निळा उजेड पडला होता. कुशाबानं ओंजळ पुढे केली आणि तो उजेड तिच्यात भरून घेतला.