बारवेत उतरण्याआधी

जानेफळच्या पुढे, पुंजाजीच्या शेताला लागून एक जुनी बारव आहे. आज संध्याकाळी तुम्ही तिचंच पाणी प्यालात, म्हणून सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. बारवेवरून रस्ता जायचा होता. कोरडीच आहे, मुरूम टाकून बुजवा, असं ठरलं होतं. जुन्या वास्तू राखायला आम्ही काही शिक्षकांनी नि गावकऱ्यांनी एक मंडळ काढलं होतं. पगार कुणालाच नव्हता. आम्ही इंजिनिअरांना गाठलं. ते म्हणाले, झरा जिवंत दाखवा, रस्ता वळवतो. हिवाळ्यापासून गाळ उपसत होतो; उन्हाळा लागला, शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी ते येणार होते आणि झऱ्याचं तोंड अजून बंद होतं.

या कामातलं पहिलं घमेलं माझ्या पत्नीनं, कौशल्येनं उचललं होतं. पौषात ती गेली. उतरण्याआधी ती वरच्या पायरीवर थांबून विचारायची, "येऊ का?" ती गावची रीत. खाली आसरा राहतात, पाण्याच्या बाया. सगळं शांत असेल तर उतरायचं. उत्तर आलं तर आल्या पावली परत फिरायचं. मी हसायचो. ती म्हणायची, "घर त्यांचं आहे ना?"

त्या दिवशी भर दुपारी माणसं भाकरी खायला गेली. मला भूक नव्हती.

"मास्तर, बारा वाजून राह्यले," पुंजाजी म्हणाला. "मले येऊ द्या, मंग उतरू. आन् इचारल्याबिगर तं बिलकुल नोका उतरू."

मी म्हटलं, उद्या इंजिनिअरला विचारायला लाव. आणि उतरलो.

तळाशी झऱ्याचा कोनाडा होता. त्यात पालथं पडून गाळ खरवडावा लागे. एरवी माणसं ओळीनं पायऱ्यांवर असत. भरलेलं घमेलं न बघता मागे द्यायचं, हात तसाच ठेवायचा, रिकामं हातात येई. आज मी एकटाच. एक घमेलं वर ओतून आलो, तेवढ्यात दम संपला. वर ऊन पांढरंफटक होतं, खाली दिवेलागणीसारखा अंधार. शेवाळाचा वास होता. त्यात हळूहळू ओल्या हळदीचा वास मिसळला.

तेव्हा वरून आवाज आला.

"येऊ का...?"

तो आवाज मी वीस वर्षं घरात ऐकला होता.

रीत मला ठाऊक होती. मी 'हो' म्हटलं असतं, नुसता हुंकार दिला असता, तरी ती परत फिरली असती. मी दात आवळले आणि गप्प राहिलो.

जोडवी दगडावर वाजू लागली. एकेक पायरी खाली... खाली... माझ्या पाठीशी येऊन थांबली. मानेवरचा घाम गार झाला.

मी वळलो नाही. झरा फुटला नाही तर उद्या मुरूम पडणार होता. खरवडत राहिलो. घमेलं भरलं, सवयीनं मागे दिलं, हात तसाच ठेवला.

रिकामं घमेलं हातात आलं.

किती वेळ ते चाललं, सांगता येत नाही. आम्ही काम केलं. मग दगडाआड काहीतरी गुडगुडलं आणि गार पाणी कोपरापर्यंत उसळलं. तेव्हा मात्र मी वळलो. मागे कुणी नव्हतं.

वर आलो तर पुंजाजी पायरीपासून लांब, लिंबाखाली बसलेला. काठावर ताज्या गाळाचा ढीग होता.

"का उतरला नाहीस?" मी विचारलं.

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. "म्या इचारलं ना, मास्तर, येऊ का म्हनून... खालून तुमच्या बाई बोलल्या. थांब म्हने, काम होऊन राह्यलं."

मी ना त्याचा प्रश्न ऐकला होता, ना ते उत्तर.

रस्ता वळला. तुम्ही त्याच वळणावरून आलात. दर उन्हाळ्यात मंडळ अजून गाळ काढतं. आता उतरण्याआधी मीही विचारतो. ओळीत सगळ्यात खाली मी असतो, आणि माझ्या मागची एक जागा आम्ही मोकळी ठेवतो.

घमेलं अजून कधी अडलेलं नाही.