विहिरीकडचं सोयाबीन

पावसाने दडी मारली होती, लातूरच्या आडतीत सोयाबीनचा भाव चढत होता, आणि नेमकं अशा वेळी निलंग्याकडच्या गुरुपादप्पाचं उभं पीक बिघडलं.

"माझ्या भावानंच इख मारलं. तुम्ही पुरावा द्या, मी ठाण्यात केस करतो," तो खाजगी गुप्तहेर बुद्धप्रियाबाईंना म्हणाला.

बाईंचा मदतनीस यासेर गाडी चालवता चालवता वैतागला होता. दर वेळी सख्खे भाऊच एकमेकांचा गळा धरतात, हे बघून त्याचा जीव विटला होता.

शेतात विहिरीजवळची पानं वाटीसारखी वळली होती, शेंडे पिळले होते. पुढे जावं तसं पीक सुधारत गेलं. शेवटच्या बांधापाशी, भाऊ शिवप्पाच्या मक्याला लागून, सोयाबीन हिरवंगार होतं. बुद्धप्रियाबाई परत विहिरीजवळ येऊन वाकल्या. तिथलं गवतही टवटवीत होतं.

"फवारणी कोणी केली?"

"मीच. अळीची. हितनं, विहिरीपासून सुरू केली."

औषधात खोट होती का, असं दुकानात जाऊन विचारताच गावातला औषधविक्रेता लालमहंमद उखडलाच. "बाई, तेच औषध आख्ख्या गावानं नेलं. कुनाचं पान वळलं न्हाई!"

ते शेतात परतले, तेव्हा शिवप्पा मक्यातून बाहेर आला. "बांधावरनं भांडलो तवापासून आमचं बोलनं बंद हाय. मी माझ्या मक्यातलं तण मारलं, फवारणीचा पंप विहिरीवरल्या लिंबाला अडकवला, घरी गेलो."

"पंप कुणाचा?"

"बापाचा. दोघांचा. ज्याला लागंल त्यो नेतो."

"मॅडम, हाच तो," यासेर कुजबुजला. "बांध ओलांडला की झालं काम."

"मग बांधाजवळचं पीक आधी गेलं असतं," बुद्धप्रियाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "दुकानातलं औषध चुकीचं असतं, तर सगळं शेत सारखं बिघडलं असतं. इथे पंपाच्या पहिल्या टाकीला सगळ्यात जास्त नुकसान, मग प्रत्येक टाकीला कमी. म्हणजे विष पंपाच्या तळाशी होतं आणि भरता भरता धुऊन गेलं. गवत वाचलं, सोयाबीन वळलं. मक्यात मारलेलं हे तणनाशक मक्याला, गवताला काही करत नाही. रुंद पानाला मात्र सोडत नाही. गुरुपादप्पा, पंप धुतला होता?"

"रिकामा दिसला म्हनून भरला."

"त्यात आधी काय होतं, हे भावाला विचारलं?"

ज्या भावावर केस करायला निघाला होता, त्याच्याकडे गुरुपादप्पाला बघवेना.

आता यांची जुंपणार, म्हणून यासेर पुढे सरकला. पण शिवप्पाने लिंबावरचा पंप काढला, विहिरीवर बसून पुन्हा पुन्हा खळबळून धुतला आणि भावासमोर आणून ठेवला.

"धुतलाय," तो म्हणाला.