अकरा पुस्तकांची कार्डे

पणजोबा या विधी महाविद्यालयाच्या नियतकालिकाचे जुळारी. शिशाचे खिळे जुळवता जुळवता त्यांची दृष्टी गेली. आजीने त्याचीच मुद्रिते तपासली, वडिलांनी त्याचेच अंक बांधले. चौथ्या पिढीची ही मुलगी विद्यार्थी-संपादिका झाली, आणि नियतकालिकाचा इतिहास छापायला जायच्या दिवशीच कपाटातली एक पडताळणी-वही नाहीशी झाली. कोणत्या लेखाच्या तळटिपा कोणी तपासल्या, याची ती सहीनिशी नोंद.

किल्ल्या दोनच: एक ग्रंथपालबाईंकडे, दुसरी प्राचार्यांकडे. प्राचार्यांनी ठपका बाईंवर ठेवला. संध्याकाळपर्यंत वही मिळाली नाही तर बाईंची नोकरी जाणार होती.

वही नेमकी त्या वर्षाची, ज्या वर्षी जामिनाच्या हक्कावरचे ते गाजलेले टिपण निघाले. विद्यार्थ्यांची टिपणे बिननावाने छापायची प्रथा होती. पण हे आपलेच, असे प्राचार्य एकतीस वर्षे सांगत आले होते. इतिहासात तसे छापावे म्हणून त्यांनी पुरावाही धाडला होता: टिपणात आधाराला घेतलेल्या अकरा पुस्तकांची देवघेव-कार्डे. प्रत्येकावर त्यांची सही.

संपादिकेने बाईंना खोदून विचारले. त्या एवढेच म्हणाल्या, "पोरी, जुनी मढी उकरू नकोस."

तिने कार्डांवरच्या तारखा ओळीने वाचल्या, जुन्या प्रवेशपुस्तकाशी काही ताडून पाहिले, आणि बाईंना घेऊन तडक प्राचार्यांसमोर उभी राहिली.

"सर, अकराही पुस्तकं तुम्ही एकाच दिवशी नेलीत?"

"मग? झपाटून लिहिलं मी."

"लिहिणारा महिनोन्महिने एकेक पुस्तक नेतो. एका दिवसात गठ्ठा उचलतो तो पडताळणारा. आणि आपलं लिखाण आपणच पडताळायचं नाही, हा इथला पहिल्या अंकापासूनचा नियम."

प्राचार्य हसले. "वकिली बरी करतेस. वही आण, मग बोल."

"वही तुमच्याकडेच आहे. पडताळणारा म्हणून तीत तुमची सही आहे, म्हणून तर ती गेली. कार्डांवर तुमच्या आधीच्या चार महिन्यांत एकच नाव पुन्हा पुन्हा येतं. बाईंचं, माहेरचं. प्रवेशपुस्तकात त्या नावापुढे बाईंचंच अक्षर आहे."

बाई खिडकीकडे पाहत राहिल्या. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचे शिक्षण सुटले होते आणि याच ग्रंथालयात त्या कामाला लागल्या होत्या. त्या वेळी हे दोघे एकाच वर्गात होते.

मग प्राचार्यांनी खण उघडून वही बाहेर काढली. संपादिकेने इतिहासाचे मुद्रित पुढे सरकवले. त्यांनी स्वतःचे नाव खोडले, बाईंचे लिहिले, खाली वहीची कबुली लिहिली, आणि पान बाईंकडे वळवले.

"आता तू पडताळ," ते पुटपुटले.

बाईंनी चष्मा चढवला, ओळ न् ओळ वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवले.

"सहलेखिका नाही. लेखिका."

प्राचार्यांनी निमूटपणे दुरुस्ती केली. बाईंनी खाली सही ठोकली, आणि एकतीस वर्षांचे देणे पुरते फिटले.