तिसरी हाळी

कळमनुरीच्या बाजारात माझं रेडिओ विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं. त्र्याहत्तर साली माझ्याकडे खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले, सोबत एका कानात घालायची वायर. तिच्या टोकाला गिऱ्हाईकं बोंडी म्हणत. पुसेगावचा भिवाजी विहिरी खोदायचा. त्याला रेडिओ विकताना मी ऐटीत म्हणालो होतो, "घाल कानात, दुनिया बंद." तो दुकानात एकटाच हसत उभा राहिला. आपलं गाणं दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही, याचंच त्याला भारी कौतुक.

विहिरीत सुरुंग भरला की मुकादम वरून तीन हाळ्या देतो. तिसरीनंतर वात पेटवतात. त्या दुपारी भिवाजी तळाच्या कपारीत, गार सावलीला, एका कानात बोंडी घालून आणि दुसरा कान दंडावर टेकवून पडला होता. तिन्ही हाळ्या साऱ्या शिवाराने ऐकल्या.

दोन महिन्यांनी त्याची बायको सोजराबाई ढिगाऱ्यातून निघालेला तो रेडिओ घेऊन आली.

"ह्यो बंद करून द्या, तातेरावदादा. मालक बोलून राहिलेत ह्याच्यात. इचारतात, वर कोन हाय. म्या उत्तर देलं न्हाई. तुमी बी देऊ नका."

"मग फोडून काहून न्हाई टाकला?"

"आत त्ये हायेत ना."

मला तिची कीव आली, थोडा रागही आला. आवाजाला कारण असतं. त्यावरच माझं पोट चालत होतं. मी मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हतेच. तिला ती रिकामी जागा दाखवली आणि तिची समजूत पटावी म्हणून बोंडी कानात घातली.

पाणी ठिबकत होतं. ओल्या मुरमाचा वास आला.

"वर कोन हाय?"

आवाज भिवाजीचाच होता. मी ओठ घट्ट मिटले. सोजराबाईने मान हलवली, नको म्हणून.

"तातेराव, तुमीच का? मला काईच ऐकू येईना. काय म्हनून राहिलेत वर?"

मला राहवेना. बोंडी मीच त्याला विकली होती.

"भिवाजी, सुरुंग हाय. वर ये."

आवाज थांबला. सोजराबाईने बोंडी घेऊन कानाला लावली आणि तिचा चेहरा मोकळा झाला. ती रडत मला काहीतरी म्हणाली. ओठ हलले, शब्द आला नाही.

मी रस्त्यावर धावलो. बैल, गाड्या, भांडीवाले, सगळं मुकं.

ठिबकणं मात्र बोंडीवाचूनही कानात चालू होतं.

दुकान केव्हाच बंद झालं. बायको, पारुबाई, पाटीवर लिहून विचारते, मी बोलून सांगतो. फक्त एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. भर उन्हात मोकळ्या रानात उभा राहिलो, तरी हात लांब केला की दगड लागतो. वर कुठून चढायचं, कळत नाही.

पहिली हाळी, भिवाजीला उत्तर दिलं त्याच दिवशी, बाजार उठताना आली. फार वरून.

दुसरी आज सकाळी आली.